हरणांना जेवू घालताना

आपल्या संस्थेच्या गेल्या वार्षिक सहलीची आठवण अनेकांच्या मनात ताजी असेल. जांबोटी रस्त्यावरील एका सन्माननीय सभासदांच्या शेतघरी आपण सारे सहकुटुंब जमलो होतो. सायंकाळी चहाच्या वेळी समोरच्या रानाच्या कडेला दोन चितळ माद्या क्षणभर दिसल्या आणि नाहीशा झाल्या. मुले हरखून गेली. खरे सांगायचे तर मुलांपेक्षा आपणच अधिक हरखलो. त्या आनंदाच्या भरात एक सूचना पुढे आली. संस्थेने त्या परिसरात थोडी जमीन खंडाने घ्यावी, तेथे मका आणि लसूणघास पेरावा, मिठाचे खडे ठेवावेत, पाण्याची एक टाकी बांधावी. हरणे नेमाने येतील, मुलांना निसर्गाचे दर्शन घडेल आणि मुक्या जिवांना घास भरवल्याचे समाधानही लाभेल. सूचनेचे टाळ्यांनी स्वागत झाले.

त्या वेळी मी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि विरोधही केला नाही. विरोध न करण्याचे कारण भिडस्तपणा एवढेच नव्हते. हा उद्योग मी स्वतः करून चुकलो होतो, आणि चूक कबूल करायला चहापानाची वेळ योग्य वाटली नाही. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेखाची मागणी केली तेव्हा मात्र वाटले की, निर्णय होण्यापूर्वी आपला अनुभव सभासदांपुढे मांडणे हे आपले कर्तव्य आहे.

प्रथम ही कल्पना आली कुठून ते पाहू. अमेरिकेत तिला ‘फूड प्लॉट’ म्हणतात. रानाच्या कडेला जमिनीचा लहानसा पट्टा नांगरून त्यात क्लोव्हर, ओट, चिकोरी, मोहरीवर्गीय पालेभाज्या अशा, हरणांना प्रिय असलेल्या वनस्पती पेरतात. बियाण्यांची पाकिटे दुकानांत तयार मिळतात. त्यांवर भरदार शिंगांच्या नरांची चित्रे असतात. या साऱ्याचा मूळ हेतू शिकार हा आहे. हरीण ठराविक जागी, ठराविक वेळी यावे आणि मचाणावरील शिकाऱ्याच्या टप्प्यात यावे, शिवाय पौष्टिक आहाराने त्याची शिंगे मोठी व्हावीत, यासाठी हा खटाटोप. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आहे, त्यामुळे बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. हेतू निरुपद्रवी झाला हे खरे. पण प्राण्याला त्याच्या जागेवरून आपल्या सोयीच्या जागी ओढून आणणे हा त्यातला गाभा तसाच राहिला.

काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यात रानाला लागून मी थोडी जमीन घेतली. शहापूरच्या दवाखान्यात दिवसभर रडणारी बाळे आणि त्यांच्याहून घाबरलेल्या आया यांच्यात वावरणाऱ्या माणसाला रविवारी चार झाडांच्या सावलीत बसावेसे वाटले तर त्यात नवल नाही. पहिल्याच पावसाळ्यात मी पाच गुंठ्यांत मका आणि लसूणघास लावला, कडेला मिठाचे खडे ठेवले. दिवाळीनंतर चितळ येऊ लागले. आधी दोन, मग पाच, माघापर्यंत अकरा. पहाटे धुक्यात उभ्या असलेल्या त्या ठिपकेदार आकृती पाहून माझी पत्नी म्हणाली होती, “तुमचा इतका शांत चेहरा मी पुष्कळ वर्षांत पाहिला नव्हता.” तो आनंद खोटा नव्हता. म्हणूनच ही सूचना करणाऱ्या मित्राला मी हसणार नाही.

परंतु माझ्या बांधापलीकडे एका वयस्क शेतकऱ्याचे रताळ्यांचे शिवार होते. आपल्या भागात रताळ्याचे पीक म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. त्यावर मुलांच्या फिया आणि लेकींची लग्ने ठरतात. एका रविवारी ते माझ्याकडे आले. रागावलेले नव्हते, ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुमची हरणं न्याहारीला तुमच्याकडं येत्यात आणि जेवायला आमच्याकडं.” मी त्यांच्याबरोबर शिवारात गेलो. निम्म्याहून अधिक वेलांचे शेंडे खुडलेले होते. माझ्या पाच गुंठ्यांवर अकरा चितळांचे पोट भरणार नाही हा साधा हिशेब मी मांडलाच नव्हता. मुलाच्या वजनाप्रमाणे औषधाचा थेंबन् थेंब मोजणाऱ्या माणसाने हा हिशेब विसरावा याची लाज वाटली. मी नुकसानीची रक्कम देऊ केली. त्यांनी ती घेतली, पण जाताना म्हणाले, “यंदा तुमी दिलासा. पुढच्या वर्साला सवय लागलेल्या हरणांना कोण सांगणार?”

पुढच्या वर्षी मी पेरणी केली नाही. हरणे मात्र आली. माझ्या वाफ्यात काही न मिळाल्याने ती थेट रताळ्यांत उतरली. गावातल्या कुत्र्यांनी त्यांच्या वाटा ओळखल्या होत्या. एका सकाळी बांधालगत एक पाडस फाडलेले सापडले. त्याच महिन्यात ओढ्याच्या ओल्या वाळूत बिबट्याची पावले उमटली. हरणांची दावत मांडणाऱ्याने पाठोपाठ येणाऱ्या पाहुण्याचाही विचार करायला हवा, हे मला तेव्हा कळले. ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगाव शहरात, गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या शिरला तेव्हा आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली होती आणि त्याला शोधण्यासाठी हत्ती आणावे लागले होते, हे आपण सारे जाणतो. तो बिबट्या कुणाच्या चाऱ्यामुळे आला नव्हता; पण माणसाच्या वस्तीलगत भक्ष्य गोळा करणे म्हणजे काय, याची कल्पना यावी म्हणून त्या दिवसांची आठवण पुरेशी आहे.

हा झाला अनुभव. आता वैद्यकाच्या दृष्टीने या प्रश्नाकडे पाहू, कारण ही स्मरणिका डॉक्टरांची आहे.

पहिला मुद्दा आहाराचा. आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या पिढीने बाटलीच्या दुधाशी मोठा लढा दिला. डब्यावरचे गुटगुटीत बाळ पाहून आया भुलत; प्रेमापोटीच त्या अंगावरचे दूध तोडून बाटली देत आणि अतिसाराने सुकलेले मूल घेऊन आमच्याकडे येत. त्या प्रेमाला कुणी दोष देत नव्हते, पण १९९२ साली डब्याच्या दुधाच्या जाहिरातीवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. मक्याची कणसे आणि धान्याची रास हे हरणासाठी बाटलीचेच दूध आहे. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात सूक्ष्मजीवांची एक मोठी वसाहत नांदत असते. ती ऋतूप्रमाणे, गवत-पाल्याप्रमाणे हळूहळू बदलते. नव्या आहाराशी जुळवून घ्यायला तिला दोन-तीन आठवडे लागतात. अचानक भरपूर धान्य मिळाले तर पोटात आम्ल साचते, प्राणी मलूल होतो आणि कधी कधी भरल्या पोटी मरतो. तीव्र कुपोषित बालकाला आपण पहिल्याच दिवशी भरपूर अन्न देत नाही. शंभर मिलिलिटरला पंचाहत्तर कॅलरींच्या सौम्य दुधापासून आरंभ करतो आणि पायरीपायरीने वाढवतो. भुकेल्याला एकदम जेवू घालणे घातक ठरू शकते हे ज्ञान आपल्याला आहे. ते हरणाच्या बाबतीत विसरण्याचे कारण नाही.

दुसरा मुद्दा गर्दीचा. रानात चरणारी हरणे पांगलेली असतात. आज इथे, उद्या तिथे. एकाच वाफ्यात, एकाच मिठाच्या खड्यावर, एकाच टाकीवर ती रोज जमू लागली की लाळ, शेण आणि श्वास यांची देवाणघेवाण वाढते. पाळणाघरात एका मुलाला गोवर झाला की काय होते हे मला कुणी सांगायला नको. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या ईशान्य भागात १९९४ नंतर रानटी हरणांत गोवंशीय क्षयरोग पसरलेला आढळला. हरणांची दाट संख्या आणि लोकांनी घातलेल्या चाऱ्याच्या राशी ही त्याची प्रमुख कारणे मानली गेली. तो रोग पुढे आसपासच्या गोठ्यांतही शिरला आणि त्या भागात हरणांना चारा घालण्यावर बंदी आली. दुसरा रोग याहून भयंकर. १९६७ साली कोलोरॅडोतील बंदिस्त हरणांत प्रथम दिसलेला, प्रिऑनमुळे होणारा, मेंदू पोखरणारा क्षीणता-रोग आज अमेरिकेच्या तीसहून अधिक राज्यांत पोहोचला आहे. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही. परंतु त्याचे कण मातीत वर्षानुवर्षे टिकतात, म्हणून हरणांना एका जागी जमवू नका असे तेथील तज्ज्ञ बजावत आहेत. पेरलेला मळा हा धान्याच्या राशीइतका वाईट नव्हे, त्यात जनावरे थोडी पांगतात, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण आपल्या सूचनेतील मिठाचे खडे आणि टाकी यांना ही सवलत देता येत नाही.

दूर कशाला जावे? नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या बेळगावजवळच्या भूतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात अवघ्या काही दिवसांत तीसच्या आसपास काळवीट दगावले. घटसर्प हे कारण सांगण्यात आले. हा शब्द वाचताच मी थबकलो. आपण डॉक्टर घटसर्प म्हणतो तो मुलांच्या घशातला, लसीने मागे हटवलेला. पशुवैद्य म्हणतात तो गुराढोरांचा, वेगळ्या जंतूचा. नाव मात्र एकच, आणि एकदा कळपात शिरल्यावर दोघांचीही चाल सारखीच वेगवान. ते काळवीट बंदिस्त होते, ही घटना चाऱ्याच्या मळ्याची नव्हे. तरीही दाटीने राहणाऱ्या प्राण्यांत एक जंतू काय करू शकतो याचा धडा आपल्या दारातच मिळाला आहे, आणि गावच्या गुरांच्या वाटेवर हरणांचा मळा लावताना तो विसरता येणार नाही.

तिसरा मुद्दा गोचिडांचा. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात सापडलेला माकडताप २०१५ च्या सुमारास गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. चोर्ल्याच्या आणि तिलारीच्या पलीकडे म्हणजे आपल्या उंबरठ्यावरच. या रोगाचा विषाणू माकडे आणि लहान प्राणी यांच्यात फिरतो. पण प्रौढ गोचिडांना रक्त पुरवून त्यांची संख्या वाढवण्याचे काम रानात चरणारी मोठी जनावरे, मुख्यतः गाईगुरे करतात. रानाच्या कडेला मोठी जनावरे गोळा करायची आणि त्याच गवतात आपल्या मुलांना हरणे पाहायला बसवायचे, हा बेत बालरोगतज्ज्ञ म्हणून माझ्या गळी उतरत नाही.

मग हरणांसाठी काहीच पेरू नये काय? असे माझे म्हणणे नाही. जिथे हे काम अभ्यासाने झाले तिथे त्याने चमत्कार घडवला आहे. मध्य प्रदेशातील कान्हा येथे कठीण जमिनीवर राहणाऱ्या बारशिंग्यांची संख्या १९७० साली अवघी ६६ उरली होती. गवत हेच त्यांचे अन्न आणि गवत हाच पाडसांचा आडोसा. गावांचे स्थलांतर झाल्यावर मोकळ्या जमिनींवर कुरणे उभी राहिली, काही जनावरे कुंपणात सुरक्षित वाढवली गेली. आज ही संख्या हजाराच्या आसपास आहे. आपल्या महाराष्ट्रातील मेळघाटात आणि ताडोब्यात जुन्या गावांच्या जागी अशीच कुरणे झाली. ताडोब्यातील जामणी, नवेगाव येथील कुरणे पर्यटकांच्या परिचयाची आहेत. या शास्त्रामागे विदर्भातील गवत-अभ्यासक डॉ. गजानन मुरतकर यांच्यासारख्यांची वर्षानुवर्षांची पायपीट आहे. या कुरणांचा उल्लेख करताना, त्यांच्यासाठी ज्यांनी आपली घरे आणि शेते सोडली त्या गावकऱ्यांचे ऋणही मान्य केले पाहिजे. वाघ आणि हरणे पाहून परतणाऱ्या पर्यटकाच्या हे ध्यानात येतेच असे नाही.

या कुरणांत आणि आपल्या प्रस्तावित मळ्यात मोठा फरक आहे. तिथे मका नसतो; मारवेल, पवना यांसारखी त्या मातीतली बहुवर्षायू गवते असतात. पहिले काम पेरणीचे नसतेच. टणटणी, रानतुळस, गाजरगवत, टाकळा यांना बी धरण्यापूर्वी मुळासकट काढायचे आणि हे दोन-तीन वर्षे चिकाटीने करायचे, हे खरे काम. तण हटले की पुष्कळदा मातीत दडलेले देशी गवत आपोआप वर येते. नाही आले तर परिसरातूनच गोळा केलेले बी टाकायचे. मुख्य म्हणजे हे सारे रानाच्या आत खोलवर होते. हरणांना शेतांपासून दूर, रानातच थांबवणे हा त्याचा हेतू असतो. आपला मळा नेमके उलटे करतो. रानातल्या हरणाला माणसाच्या अंगणात आणतो.

चांगल्या हेतूचेही पुढे काय होते, हे पाहायचे असेल तर आपल्याकडून दोन-तीन तासांच्या अंतरावर सागरेश्वर आहे. यशवंतराव चव्हाणांच्या देवराष्ट्रे या जन्मगावाजवळचे हे डोंगर एके काळी उघडेबोडके होते. धों. म. मोहिते यांनी ध्यास घेऊन तिथे झाडे उभी केली, हरणे आणली, आणि १९८५ साली जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचे हे रान अभयारण्य झाले. माणसाने घडवलेले रान म्हणून त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण कुंपणाच्या आत हरणे वाढत गेली, उन्हाळ्यात चारा-पाणी अपुरे पडू लागले आणि कुंपणाबाहेरच्या उसात, शाळूत हरणांच्या फेऱ्या सुरू झाल्या. शेतकऱ्यांच्या तक्रारी हा तिथला नेहमीचा विषय झाला. अलीकडच्या वर्षांत तेथील काही चितळ सह्याद्री व्याघ्रप्रकल्पात चांदोलीला हलवण्यात आले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातून एक वाघीणही तिथे आणली गेली. म्हणजे गवत, हरीण आणि वाघ ही साखळी जोडण्याचा प्रयत्न चालू आहे. चाऱ्याची सोय करणे ही या साखळीतली केवळ एक कडी आहे. बाकीच्या कड्यांचा विचार न करता ती एकटीच ओढली तर तिचा ताण शेजारच्या शेतकऱ्याच्या गळ्याला बसतो.

मित्रहो, यावर कुणी म्हणेल की, डॉक्टर, पाच-दहा गुंठ्यांच्या मळ्याने एवढे काय बिघडणार? जांबोटी आणि खानापूरच्या वाटेवर आज आपल्यासारख्यांची किती शेतघरे आहेत ते मोजून पाहावे. प्रत्येकाने दहा गुंठे पेरले तर रानाच्या कडेला चाऱ्याची एक माळच तयार होईल, आणि भीमगडच्या रानातला प्राणी त्या माळेवरून सरळ शिवारात उतरेल. आपल्याला हरीण रविवारी दिसते. शेतकऱ्याला ते सातही दिवस राखावे लागते. आपला आनंद आणि त्याची झोप यांचा हा व्यवहार न्याय्य नाही.

म्हणून माझी संस्थेला विनंती आहे की, ही सूचना आपण मागे घ्यावी आणि त्यासाठी ठरलेली रक्कम पुढील कामांस लावावी. पहिले, ज्यांच्या जमिनी रानालगत आहेत त्या सभासदांनी आपापल्या आवारातील टणटणी आणि गाजरगवत काढावे आणि तिथे देशी गवत व झाडे आपोआप वाढू द्यावीत. मीठ, धान्य, टाकी यांपैकी काहीही ठेवू नये. त्या वाटेने हरीण आले तर ते आपल्या मर्जीने येईल आणि पुढे जाईल. दुसरे, वनखात्याची संमती आणि गवताच्या जाणकाराचे मार्गदर्शन मिळाल्यास रानाच्या आतील तण काढण्याच्या कामाला आपण पैसा आणि श्रमदान द्यावे. तिसरे, रानालगतच्या दोन-तीन गावांत वर्षातून एकदा गुरांच्या लसीकरणाचे शिबिर पशुवैद्यकांच्या साहाय्याने भरवावे. त्याच दिवशी आपण मुलांची तपासणी करू आणि गोचिडांपासून जपण्याची माहिती देऊ. गुरांना घटसर्पाची लस आणि मुलांना त्यांच्या घटसर्पाची, असे एकाच मांडवात घडले तर त्याहून शोभून दिसणारा उपक्रम मला सुचत नाही.

माझ्या जमिनीवर आता मका नाही. सलग तीन वर्षे टणटणी उपटल्यावर यंदा श्रावणात मारवेल गुडघाभर वाढले. चितळ क्वचित दिसतात. पहाटे उठून बसलो तरी पुष्कळदा धुक्याशिवाय काही दिसत नाही. मात्र गेल्या दिवाळीत बांधापलीकडचे ते वृद्ध गृहस्थ टोपलीभर रताळी घेऊन आले आणि ओसरीवर बसून म्हणाले, “यंदा राखण बसायला लागलं नाही, डॉक्टरसाहेब.” अकरा चितळांच्या दर्शनाने झाला होता त्याहून अधिक आनंद त्या टोपलीने मला दिला. सभासदांनी या अनुभवाचा विचार करून निर्णय घ्यावा, एवढीच नम्र विनंती.